देवकाच्या गादीतला कापूस

पुरुषाला बाई करायचं तर कापूस कुठे भरायचा, असं कोणालाही विचारा, तो आधी छातीकडे बोट दाखवेल. चूक! छाती सगळ्यात शेवटी. आधी कंबरेच्या खाली, मांडी जिथे सुरू होते तिथे, बाहेरच्या बाजूला. तिथली रुंदी जमली की लुगडं आपोआप बाईचं दिसायला लागतं, चाल बदलते, आणि मग छातीला थोडंसं दिलं तरी पुरतं. हे मला कोणी शिकवलं नाही. पवनीच्या बाजारात बायांना पाठमोऱ्या बघत बघत मी शिकले, आणि त्यापायी एक-दोघींच्या शिव्याही खाल्ल्या.

पवनीत आमचं ड्रेपरीचं दुकान होतं. दंडार, नाटक, खडी गंमत करणाऱ्या पार्ट्यांना कपडे, दागिने, मुकुट भाड्याने देण्याचा धंदा. राजाचे अंगरखे, राक्षसांच्या जटा, लाकडी तलवारी हे सगळं यांच्याकडे, म्हणजे माझ्या मालकांकडे. माझ्याकडे एकच खातं होतं, बायांची अंगं! कारण त्या काळात, मी सत्तर-ऐंशीच्या दशकाचं सांगते आहे, आमच्या भागातल्या खडी गंमतीत, म्हणजे तमाशासारख्या खेळात, बायांची कामं पुरुषच करायचे. दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरायची. लेकी माहेरी यायच्या, पाहुण्यांनी घरं भरायची, आणि भर दुपारी मोकळ्या मैदानात एका बाजूला एका शाहिराची पार्टी, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याची. शाहीर, ढोलकीवाला, आणि मध्ये लुगडं नेसून नाचणारा गडी. तो गडी माझं गिऱ्हाईक.

त्याच्यासाठी मी गाद्या शिवायची. आमच्या घरात त्यांना गाद्याच म्हणायचे. मांजरपाटाच्या पिशव्या, आत सावरीच्या झाडाचा कापूस, कंबरेला बांधायला नाडे. साधा कापूस घामाने दगड होतो आणि नाचता नाचता खाली बसतो. सावरीचा हलका, दाबला तरी परत फुगतो. उन्हाळ्यात बोंडं फुटली की मी पोती भरून ठेवायची आणि घरभर उडणाऱ्या कापसाच्या म्हाताऱ्यांमुळे आमचे हे आठवडाभर शिंकत फिरायचे.

काही पार्ट्या पैसे वाचवायला छातीला नारळाच्या करवंट्या बांधायच्या. माझा त्या करवंट्यांवर फार राग. एकदा शहापूरच्या मंडईत एका पार्टीच्या गड्याने गिरकी घेतली आणि एक करवंटी थेट काखेतून पाठीवर गेली. समोरच्या पार्टीच्या शाहिराने तिथल्या तिथे त्यावर कडवं रचून म्हटलं. लोक हसून हसून लोळले. दुसऱ्या दिवशी तो गडी माझ्या दारात हजर. "मावशी, कायबी कर, पण मले कापूसच दे!" एकदा तर कारध्याहून भीमाचं काम करणारा एक भाऊ आला. त्याला दंडांना गाद्या हव्या होत्या. त्याच आठवड्यात त्याच पार्टीची द्रौपदी माप देऊन गेलेली. मी दोघांनाही त्याच पोत्यातला कापूस भरला. भीम काय आणि द्रौपदी काय, देवाने कमी दिलं की माझ्या दारात यायचे.

हे सगळं मजेचं. पण दिवाळी अंकवाल्यांनी "तुमच्या धंद्यातली एक आठवण सांगा" म्हटलं तेव्हा मला आठवली ती एकच. देवका.

आणीबाणी उठून वर्ष-दोन झाली असतील. आमचा नेहमीचा शाहीर सुखदेव, आवाज खणखणीत आणि खिसा नेहमी फाटका, एका नव्या नाचणाऱ्याला घेऊन आला. उंच, काटक, खांदे रुंद, गळा मात्र असा गोड की दुकानातलं गिऱ्हाईक थांबून ऐकायला लागलं. आईबापांनी ठेवलेलं नाव पुरुषाचं होतं. ते मी लिहीत नाही, तिला आवडायचं नाही. बाकीचे गडी गाद्या काढल्या की हुश्श करून विडी पेटवायचे. ही गाद्या काढताना रडवेली व्हायची. मला कळेना. शेवटी एकदा विचारलं, "काहून वो, काही टोचते का?"

"टोचत नाही, मावशी. सोडाव्या लागते ना, म्हणून."

मग हळूहळू तिने सांगितलं. लहानपणापासून आपण पोरगीच आहोत हे तिला ठाऊक होतं. बापाने घरातून हाकललं, गंमतीत शिरली, कारण एवढ्या एका जागी लुगडं नेसलं तर लोक दगड न मारता टाळ्या वाजवायचे. आज अशा बायांसाठी बरे शब्द आहेत, ट्रान्सजेंडर म्हणतात, कायदे आहेत. तेव्हा आमच्याकडे शब्द होते ते सगळे शिवीच्या जवळपासचे. मी तिला म्हटलं, "मी तुले देवका म्हणीन, तूच सांगतलं ना ते नाव." त्या दिवसापासून आमच्या घरात ती देवकाच. सुखदेव शाहिराला जीभ वळवायला एक हंगाम लागला, पण तोही वळला.

पुढच्या वर्षी मंडईच्या आधी ती आली ती एक बातमी घेऊनच. नागपुरात तिच्यासारख्या काहीजणी होत्या, त्यांच्याकडून तिला कळलं होतं की बायांच्या शरीरात जो रस असतो त्याच्या गोळ्या मिळतात आणि त्या घेतल्या की अंग बदलतं. एका मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तिला तपासायला तयार झाल्या होत्या. ठरलेलं औषध, ठरलेल्या वेळी तपासणी. त्या काळात असा डॉक्टर मिळणं म्हणजे नशीबच.

"काय बदलन?" मी विचारलं. आता माझा धंदाच तो. जे मी कापसाने करत होते ते गोळीने होणार, म्हटल्यावर मला राहवतंय का!

"बाईंनी सांगतलं, हाडं नाही बदलत. खांदे हेच राहते, उंची हीच, आवाज हाच." मागे बसलेल्या सुखदेव शाहिराने आवाजाचं ऐकून मोठा सुस्कारा सोडला. "पण चरबी बसाची जागा बदलते. पुरुषाच्या पोटावर बसते, बाईच्या खाली बसते, मांडीवर, कुल्ल्यावर. छातीवर. गालावर."

मला एवढा आनंद झाला की मी तिला तिथेच उभी करून माप घेतलं. मनाशी म्हटलं, बघू या!

पहिले काही महिने काहीच नाही. देवका रोज आरशासमोर. "मावशी, काहीच नाही होऊन राहिलं." मी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं तर उलट वाळलेली. खोदून विचारलं तेव्हा कळलं की बाईसाहेब नाजूक दिसायला सोमवार, गुरुवार, शनिवार उपास धरतात आणि उरलेल्या दिवशी अर्धी भाकर खातात! पुढच्या तपासणीला मी सोबत गेले. डॉक्टरीणबाईंनी वजन पाहून कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "अगं, हे औषध पोटावरची चरबी उचलून मांडीवर नेऊन ठेवत नाही. नवीन जी साठेल ती नव्या जागी बसते, जुनी हळूहळू खर्च होते. तू साठूच देत नाहीस, तर बसणार काय? जेव नीट. आणि धीर धर. मुलीचं अंग भरायला वर्षं लागतात, तुलाही वर्षंच लागतील."

जेवू घालण्याचं काम मी अंगावर घेतलं. तांदळाची भाकर, वैनगंगेची मासोळी, तळ्यातले झिंगे, तूप सोडलेला भात. देवका म्हणायची, "मावशी, पुरे न." मी म्हणायची, "गप खा. माहा कापूस वाचून राहिला."

आणि खरंच वाचायला लागला! आधी कळलं ते गालावर. रंग लावणारा म्हणाला, आताशा हिच्या गालावर लाली कमी लागते, हाडं बुडाली. मग एकदा छातीची गादी बांधताना देवका किंचाळली. "दुखते!" मी बघितलं, स्तनाच्या जागी आत छोटीशी गाठ, हात लावला की कळ. माझी लेक तेव्हा वयात आलेली. तिला नेमकं असंच व्हायचं, फ्रॉक घासला तरी ओरडायची. मी देवकाला सांगितलं, "बाप्पा, हे तं पोट्टीचं वय चालू झालं तुह्यं!" आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून अशा हसलो की आमचे हे बाहेरून विचारत आले, काय फुटलं म्हणून.

त्यानंतर तिच्या प्रत्येक फेरीला एक सोहळाच व्हायचा. ती यायची, मी टेप काढायची, आणि माप झालं की गादीची शिवण उसवून मूठभर कापूस बाहेर काढायची. एवढा कापूस आता नको! किती मजेचं काम ते! आयुष्यभर मी भरत आले होते, आता काढत होते. कातडी मऊ झाली, पाय थंड पडायला लागले, दंडातली ताकद कमी झाली. पार्टीची पेटी पूर्वी ती एकटी उचलायची, आता सुखदेव शाहिराला हाक मारायची आणि तो कुरकुरत उचलायचा. "देवका, तुह्या बाईपणात माही कंबर मोडन!" पण मंडईत तीच पहिली यायची, हे त्यालाही माहीत होतं.

खांदे मात्र तसेच रुंद राहिले. तिला त्याचं वाईट वाटायचं. मी तिला माझा हिशेब सांगायची, खाली रुंदी वाढली की वरची आपोआप कमी दिसते. जे मी प्रत्येक गड्याला सांगत आले होते तेच. फक्त या वेळी खालची रुंदी तिची स्वतःची होती.

अशी दोन-तीन वर्षं गेली असतील. कंबरेच्या गाद्यांत आता नावाला कापूस उरला होता. आणि त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला सुखदेव शाहीर सुपारी घेऊन आला. सुपारी होती देवकाच्या गावच्या मंडईची.

चौरासपट्टीतलं धानाचं गाव, पवनीपासून फार लांब नाही. पण देवका बापाने हाकलल्यापासून तिथे गेलेली नव्हती. बाप मधल्या काळात वारला. घरी माय होती आणि एक धाकटा भाऊ. मंडईत गावातल्या सगळ्या बाया पुढे बसतात, म्हणजे माय बसणार. देवकाने माझे हात धरले.

"मावशी, गावातले लोक मायले सांगते, तुहा पोट्टा कापूस बांधून नाचते. मले एकदा मायसमोर कापसाबिगर उभं राहाचं हाय. मायनं पाहावं, का हे माहं हाय. खोटं नाही. मंग ती बोलो का न बोलो."

एवढंच तिला हवं होतं. मी म्हटलं, "होऊन जाईन." मला तरी काय माहीत की ती काय करून बसणार आहे. मंडईला थोडेच दिवस राहिले होते आणि उरलेला मूठभर कापूस तिला तेवढ्यात हटवायचा होता. तिने भंडाऱ्याच्या एका दुकानातून जास्तीच्या गोळ्या आणल्या आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या एकीच्या जागी तीन-तीन खायला लागली. मला सांगितलं नाही, शाहिराला नाही.

मग एका सकाळी ती पायात बांधायचे घुंगरांचे चाळ घेऊन आली. चाळांचा पट्टा डाव्या पोटरीला पुरत नव्हता.

"मावशी, भरलं! पाय, पाय, पोटरीच भरली! मांडीपण!"

मी हातातलं काम टाकून उठले. बघते तर खरंच! डावी मांडी, डावी पोटरी चांगली गोल, तुकतुकीत. आम्ही दोघी वेड्या झालो. मी यांना हाक मारली, "अहो, या, बघा!" ते दारातच लाजून थांबले. मी टेप लावली, आकडा बघून पुन्हा ओरडले. मग उजव्या पायाला लावली. उजवा होता तसाच.

"तो पण भरल न, मावशी," देवका म्हणाली. "एक आधी, एक मंग."

आणि मलाही क्षणभर पटलं! वयात येणाऱ्या पोरींची एक छाती आधी वाढते, दुसरी नंतर, हे मी शंभरदा पाहिलेलं. पायांचंही तसंच असेल, असं मला वाटून गेलं. जगात दुसऱ्या कोणाचा पाय असा सुजला असता तर त्या माणसाने बोंब मारली असती. आम्ही दोघीच अशा, की पेढे मागवायच्या बेतात होतो.

पण टेप काढताना माझा हात पोटरीला लागला. गरम होती. आणि कडक. आयुष्यभर मी मऊपणा शिवत आले, हे मऊ नव्हतं. मी हळूच दाबलं तर देवकाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हे अंग नोहे, देवका," मी म्हटलं. "ही सूज हाय."

तिचा चेहरा असा उतरला! पाय दुखतो याचं तिला काही नव्हतं, हे अंग नाही याचं दुःख. मग तिने गोळ्यांचं सांगितलं. आमचे हे त्या दिवशी वाघ झाले. शेजारच्या राइस मिलवाल्याची जीप आणली, देवकाला उचलून मागच्या सीटवर आडवी केली, आणि भिवापूर, उमरेड मागे टाकत आम्ही नागपूर गाठलं. वाटेत एकदाच ती बोलली. "मावशी, मंडई चुकन का?"

"आधी तू जगजो," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला आणि एकही प्रश्न न विचारता आत घेतलं. शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. जास्त गोळ्यांनी होते. तीच गुठळी सुटून फुप्फुसात गेली असती तर माणूस उभ्या उभ्या जातो. रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू झाली. कोणत्या वॉर्डात ठेवायचं यावर नर्सबायांची कुजबुज चालली, तेव्हा बाईंनी बायांच्या वॉर्डातला कोपरा पडदा लावून दिला आणि विषय मिटवला. रागावल्या मात्र फार. "जास्त घेतलं म्हणजे लवकर होत नाही! शरीर आपल्या चालीनेच चालतं. किती वेळा सांगितलं होतं?"

देवकाने मान खाली घातली. मग विचारलं, "आता गोळ्या बंद?"

"बंद. पाय बरा होईपर्यंत तर नाहीच. पुढचं पुढे."

"मंग हे सगळं परत जाईन का?"

बाईंनी खोटं सांगितलं नाही. म्हणाल्या, छाती राहील. मांडी-कंबरेची चरबी, औषध फार काळ थांबलं तर हळूहळू उतरेल, पूर्वीसारखी पोटाकडे बसायला लागेल. पुन्हा औषध देता येईल की नाही हे त्या आज सांगू शकत नाहीत. देवका भिंतीकडे तोंड करून पडली. तिने मरणाची भीती घेतली नाही, ही भीती घेतली.

सुखदेव शाहीर निरोप घेऊन तिच्या गावी गेला. मला वाटलं नव्हतं की कोणी येईल. दुसऱ्याच दिवशी दुपारी एसटीने तिची माय आली. काळीसावळी, काटक, नऊवारी लुगड्याचा पदर डोक्यावरून, हातात चिवड्याचं गाठोडं. गिरजाबाई तिचं नाव. आत आली, पडद्याजवळ उभी राहिली, लेकराकडे बघत राहिली. देवकाने चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. मीच काहीतरी बोलावं म्हणून म्हटलं, "अंग पुसाचं राहिलं हाय आज. नर्सबाई अजून आली नाही."

"पाणी कुठी हाय?" गिरजाबाईने विचारलं.

मी बादली आणून दिली. तिने पदर खोचला, फडकं भिजवलं, आणि पुसायला लागली. तोंड, मान, हात. मग चादर बाजूला केली. देवकाने डोळे घट्ट मिटून घेतले. छातीशी येऊन गिरजाबाईचा हात थांबला, मग पुढे गेला. कंबरेशी पुन्हा थांबला. तिने फडकं खाली ठेवलं आणि उघड्या हाताने मांडीच्या वरच्या बाजूला दाबून पाहिलं, आपण पोतं दाबून धान किती भरलं ते बघतो तसं.

"हा कापूस नोहे," ती माझ्याकडे वळून म्हणाली.

"नाही वो. कापूस माह्या दुकानात राहिला. हे तिचंच हाय."

"बांधेल नाही?"

"बांधेल नाही. औषधानं भरलं. जसं आपलं भरते, तसंच."

गिरजाबाई पुन्हा वळली. तिने तीन लेकरं वाढवली होती, एक पोरगी लहानपणीच तापाने गेलेली. ती काय विचार करत होती मला काय ठाऊक. फडकं पिळून तिने पुन्हा पुसायला घेतलं, या वेळी हळू, आणि दुखऱ्या पायाशी आल्यावर तिच्या डोळ्यांतून धार लागली. "येवढं कायले केलं व? मरून जाती तं?" एवढंच ती म्हणाली. देवका मोठ्याने रडायला लागली. मी पडद्याबाहेर आले आणि तिथल्या बाकावर बसून मीही रडले, लपवायचं कशाला.

पण संध्याकाळच्या गाडीने गिरजाबाई परत गेली. जाताना मला म्हणाली, "गावात लोक हाय, भाऊबंद हाय. मी काय सांगू?" देवकाशी त्यावर काही बोलली नाही. मंडई झाली, सुखदेव शाहिराने दुसरा गडी उभा केला, त्याला मी भरगच्च गाद्या दिल्या. देवका माझ्या घरी पाय उशीवर ठेवून पडून असायची आणि लांबून ढोलकी ऐकू आली की पांघरूण डोक्यावर घ्यायची.

पुढचे महिने मला आठवायलाही नको वाटतात. पाय बरा झाला. पण कंबर उतरायला लागली. थोडीशीच, दुसऱ्या कोणाच्या लक्षातही आलं नसतं. मला आलं, माझा हात त्यातच आयुष्यभर राबलेला. एकदा मी न बोलता तिच्यासाठी गादी पुन्हा भरली आणि पुढे केली. देवकाने ती परत सरकवली. "नोको, मावशी. जेवढं हाय तेवढ्यात उभी राहीन." आणि राहिलीही! त्या उन्हाळ्यात एका लग्नाच्या वरातीपुढे ती सुखदेवसोबत गायली, एक धागा कापूस नाही, साधं पातळ. मी गर्दीत उभी राहून बघत होते. अशी दिसत होती! रुंद खांदे, भरलेले गाल, आणि मान अशी ताठ की पाटलीणबाईही बाजूला झाली.

पावसाळा संपत आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पाय, रक्त सगळं पुन्हा तपासलं, बराच विचार केला, आणि फार थोडं औषध, वेगळ्या प्रकारचं, स्वतःच्या नजरेखाली सुरू केलं. दर महिन्याला दाखवायला यायचं, एक गोळी जास्त घेतली तर दार बंद. देवकाने त्यांचे पायच धरले. पण गेलेलं परत येईल का, किती येईल, हे त्याही सांगू शकत नव्हत्या. आम्ही वाट बघत होतो. टेप मी खुंटीवरून काढायचीच नाही, भीती वाटायची.

अशातच एका बाजारच्या दिवशी मी दुकानात मुकुटाला चमकी चिकटवत बसले होते. दारात सावली पडली. गिरजाबाई. पदराआडून तिने एक कापड काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. हिरवं, काठाला लाल, नवंकोरं.

"झंपर शिवाचं हाय," ती म्हणाली. "पोराचं लगन ठरलं. दिवाळीनंतर."

मी हात पुसून उठले आणि तिचं माप घ्यायला गेले. ती एक पाऊल मागे सरकली.

"माहं नाही वो. करवलीचं."

करवली म्हणजे नवऱ्याची बहीण. नवरदेवाच्या मागे उभी राहते, साऱ्या गावासमोर, साऱ्या भाऊबंदांसमोर. तिच्या घरात दुसरी बहीण नव्हती, हे मला माहीत होतं.

"भाऊबंद काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणू दे. पोराले म्हटलं, तुह्यी एक बहीण मेली, पण एक जिती हाय. तो म्हणाला, घेऊन ये." तिने कापडावरून हात फिरवला. "माप तुह्यापाशी असंन."

"हाय," मी म्हटलं. "पण सध्या थोडं कमी झालं हाय अंग. घट्ट शिवू?"

"घट्ट नोको." गिरजाबाई आता माझ्याकडे न बघता कापडाकडेच बघत होती. "आत कापड सोडजो. भरल अजून. पोरीचं अंग हाय."